सुतक कुणी पाळायचं?

तिरुभुवनम् हे तमिळनाडूच्या तंजावर मुलखातलं, कुंभकोणम्‌हून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं विणकरांचं गाव. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळानं बांधलेलं कंपहरेश्वराचं देऊळ आणि २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली रेशमी साडी, यांसाठी लोक इथे येतात. इथवर आलेल्यानं कुंभकोणम्‌च्या पलीकडचं पट्टीश्वरमही पाहावं. तिथे पहिल्या राजेंद्र चोळानं पंचवन्मादेवीच्या स्मरणार्थ उभारलेलं समाधिमंदिर आहे. ती त्याची सख्खी आई नव्हे, सावत्र.

आभासी जगातल्या शोकाचा विचार करताना हा मुलूख आठवतो, कारण रक्ताच्या नात्यापलीकडचा शोक इथे दगडात उभा आहे, आणि आभासी शोकाची खरी अडचणही अशा अधिकाराचीच आहे. गेलेल्याशी रीतसर नातंच नसेल, तर सुतक कुणी पाळायचं? समाजानं न मानलेल्या अशा शोकावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक ग्रंथ संपादित केला. तेव्हा इंटरनेट घरोघरी पोचलंही नव्हतं.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजारानं त्याला चाकांच्या खुर्चीला खिळवलं होतं. पोरगा सारा वेळ संगणकावर खेळतो, त्याला ना मैत्री लाभली ना प्रेम, हे आईवडिलांचं दुःख. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तो इबेलिन होता. ‘स्टारलाइट’ नावाच्या गटातली माणसं आपली दुखणीखुपणी त्याच्यापाशी बोलत. एका आईला दुरावलेल्या मुलापर्यंत पोचायची वाट त्यानं दाखवली होती. ज्यांची त्याची कधी गाठभेट नव्हती, अशी काही माणसं देश ओलांडून अंत्यविधीला आली. त्या रडण्याला खोटं कोण म्हणेल?

तमिळनाडूतच, कृष्णगिरी जिल्ह्यातल्या एका जोडप्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये लग्नानंतरचा स्वागतसमारंभ मेटाव्हर्समध्ये केला. वधूचे वडील आधीच वारले होते. आशीर्वादासाठी त्यांचा अवतार तिथे उभा केला गेला. यात मला विचित्र काही वाटत नाही. आपणही लग्नाआधी नांदीश्राद्ध करून पितरांना बोलावतोच. मात्र तिथे पितरांच्या तोंडी आपण वाक्यं घालत नाही. गेलेल्या माणसाचा अवतार उद्या मनाला येईल ते बोलू लागेल, याची मला धास्ती वाटते.

याच तंजावर मुलखात आपल्या मराठी राजानंही असा रीतसर नात्याबाहेरचा शोक केला. दुसऱ्या सरफोजीची प्रेयसी मुक्तांबाळ लग्नाची राणी नव्हती. ती गेल्यावर त्यानं १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडला तिच्या नावानं छत्र बांधलं. वाटसरूंना अन्न, मुलांना शाळा. अशा छत्रांबद्दल सरफोजीनं १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेलं पत्र अवश्य वाचावं. ब्राह्मणापासून परयापर्यंत सगळ्यांना जेवण, आजाऱ्याला वैद्य, मुलांना दूध, अशी तपशीलवार हकिगत त्यात आहे. हे सगळं चाले ते छत्रांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर. राजानं दुःखाला नुसती इमारत दिली नाही, तिच्या पोटापाण्याची सोयही लावली.

आभासी जगाला ही सोय नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा ऑनलाइन खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. त्याआधी खेळाडू मशाली घेऊन त्याच खेळातल्या चौकात जमले होते. तो चौकही मग नाहीसा झाला. भारतात पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हर थांबले. कोल्हापूर-नांदेडच्या पोरांनी रात्र रात्र जागून जोडलेले गट असे एका तारखेला विखुरले. स्टारलाइटनं मात्र जुन्या संवादांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. म्हणून तर मॅट्सवरचा माहितीपट २०२४ मध्ये पडद्यावर येऊ शकला.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं मृत्यूनंतरचे हक्क बजावण्यासाठी माणूस नेमण्याची तरतूद केली आहे. पण ही तरतूद एकेका माणसाच्या स्वतःच्या विदेपुरती आहे. पन्नास जणांनी मिळून वसवलेल्या आभासी गावाचा वारस कोण, यावर तो कायदा काही बोलत नाही.