आठवीतल्या मुलीचा शब्द आणि साडेतीन शिष्यवृत्त्या

२४ टक्के. अमेरिकेतल्या एनसीएसए या कंपनीची मदत घेणाऱ्या, सॉकर खेळणाऱ्या मुलींपैकी इतक्या जणी भरतीची अधिकृत मुदत सुरू होण्याआधीच कुठल्या तरी विद्यापीठाला शब्द देऊन बसल्या होत्या, असा कंपनीचा हिशेब ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०१४मध्ये छापला. मुलग्यांच्या सॉकरमध्ये हेच प्रमाण ८ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये ५ आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये ४. खेळाडू आणि कॉलेजांची गाठ घालून देणं हाच या कंपनीचा धंदा, तेव्हा आकडे जरा हात राखूनच वाचावेत. तरी मुली आणि मुलग्यांमधली तिपटीची तफावत तेवढ्याने नाहीशी होत नाही. शब्द देणाऱ्यांत आठवी-नववीतल्या मुलीही होत्या.

टीव्हीचा मोठा पैसा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये, मग घाई मुलींच्या सॉकरमध्ये का? जागा कमी, हे उत्तर चटकन सुचतं. ते तपासून पाहू. २०१८-१९मध्ये शाळेच्या संघांतून सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या ३,९४,१०५. हायस्कूल चार वर्षांचं, म्हणजे एका इयत्तेत साधारण ९८,५००. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मुलींचे संघ सुमारे ३३५. प्रत्येक संघाला तेव्हा जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. त्या चार वर्षांच्या मुलींत वाटल्या की वर्षाला साडेतीन. देशभरात मिळून ११७० च्या आसपास, म्हणजे एका शिष्यवृत्तीमागे ८४ मुली.

आता मुलगे. शाळेतून खेळणारे ४,५९,०७७, डिव्हिजन वनचे संघ जेमतेम २०५, शिष्यवृत्त्या संघामागे ९.९. एका शिष्यवृत्तीमागे सव्वादोनशे मुलगे! टंचाईमुळे घाई होत असती, तर ती मुलग्यांत जास्त दिसायला हवी होती.

घाई होती ती प्रशिक्षकांची. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मुलींना खेळात समान संधी देणं बंधनकारक केलं. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघातच ८५ शिष्यवृत्त्या जात, आणि मुलींसाठी तेवढा मोठा खेळ दुसरा नव्हता. तोल साधायला कॉलेजांनी जे संघ उभे केले, त्यांत सॉकर आघाडीवर. संघ वाढले, पण अव्वल दर्जाच्या मुली काही त्या वेगाने वाढल्या नाहीत. मुलग्यांच्या संघांना परदेशी खेळाडू मिळतात आणि चांगली पोरं व्यावसायिक अकादम्यांकडेही जातात. मुलींच्या बाबतीत सगळ्या प्रशिक्षकांच्या वह्यांत तीच काही नावं. एकाने नववीतली मुलगी गाठली की दुसरा आठवीच्या सामन्यांना हजर व्हायचा.

भरतीच्या नियमांतली पळवाट तर बघण्यासारखी होती. प्रशिक्षकाने मुलीला फोन करायचा नाही, पण मुलीने त्याला केला तर तो उचलू शकतो. मग क्लबच्या कोचला निरोप जायचा, ‘तिला अमुक वाजता फोन करायला सांगा’, आणि तेरा वर्षांची मुलगी शेजारी आईवडिलांना बसवून नंबर फिरवायची. स्वखर्चाने विद्यापीठ बघून येण्याला तर वयाची अटच नव्हती.

एवढं करून हातात काय? तोंडी शब्द. सही बारावीत, तोवर दोन्ही बाजू मोकळ्या. शिष्यवृत्तीचे तुकडेही करता येत, म्हणून १४ शिष्यवृत्त्या पंचवीस-तीस जणींत वाटल्या जात. मधल्या चार वर्षांत प्रशिक्षक बदलू शकतो, आणि शरीरही. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका सॉकर खेळणाऱ्या मुलींना मुलग्यांच्या दुपटी-तिपटीने असतो आणि तो वाढतो नेमका वयात येताना. म्हणजे जोखमीची वर्षं सुरू होण्याच्या तोंडावर सौदा ठरायचा! शब्द मुलीकडूनही फिरतो. ऑलिव्हिया मोल्ट्रीने ११व्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला होकार दिला आणि १३व्या वर्षी, २०१९मध्ये, नाइकीशी करार करून कॉलेजच्या खेळावर पाणी सोडलं.

त्याच वर्षी नियम बदलला. दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत भरतीबद्दल बोलणंच बंद, भेटी १ ऑगस्टनंतर. आठवीतले सौदे मोडीत निघाले हे मान्य करायला हवं. आता गर्दी त्या एका तारखेवर होते. मला तरी हा बदल चांगला वाटतो. सोळाव्या वर्षी घाबरणं तेराव्या वर्षी घाबरण्यापेक्षा बरं.

कॉलेज खेळाडूंच्या ‘हाउस’ खटल्यात जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने १४ शिष्यवृत्त्यांचं बंधन गेलं. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता हव्या तितक्या शिष्यवृत्त्या देता येतात, पण संघात २८हून जास्त खेळाडू नकोत. ज्यांना जागेचा शब्द मिळाला होता अशांपैकी काहींना या मर्यादेपायी मंजुरीआधीच नकार कळवले गेले होते. त्यांचं काय, हे ठरेपर्यंत न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजुरी अडवून धरली. अखेर अशा खेळाडूंना २८च्या मोजणीतून वगळायची सवलत मिळाली. त्यांना परत घ्यायचं की नाही, हे मात्र विद्यापीठांच्याच मर्जीवर राहिलं.