इंजिनाचा जोर आणि विम्याची कलमे

इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या ईसीयू नामक संगणकातील कोष्टके बदलून, टर्बोचा दाब वाढवून, आहे तीच मोटार अधिक वेगवान करून देणारी गॅरेजे आज शहरोशहरी निघाली असली, तरी त्या फेरफाराची झळ आपण सही केलेल्या दोन करारांनाही लागते, याचे भान फार थोड्या मालकांना असते. पहिला करार वॉरंटीचा. वाढीव टॉर्कचा भार क्लच आणि गिअरबॉक्स यांवर पडून क्लच जळाला, म्हणजे सर्व्हिस सेंटरातला तंत्रज्ञ ईसीयू तपासतो; आणि मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरून ठेवण्याची चतुराई तेथे पुष्कळदा उघडी पडते, कारण ते किती वेळा भरले गेले याची मोजदाद अनेक ईसीयू स्वतःच ठेवतात.

विम्याचे प्रकरण अधिक नाजूक. कंपनीने हप्ता आकारला तो प्रस्तावात वर्णिलेल्या गाडीचा. तेव्हा बदल दडविल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नामंजूर होण्याची धास्ती राहतेच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमान्वये, नोंदणी दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार निषिद्ध आहे. सीएनजी किटला मुभा आहे, परंतु त्याची नोंद दाखल्यात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे लागते. गॅरेजवाल्याची तोंडी हमी कोणत्याच दप्तरी दाखल होत नसल्याने, गाडी त्याच्या हवाली करण्यापूर्वी विमा कंपनीची लेखी संमती घ्यावी.