जमिनीखालचा नकाशा

माटुंग्याच्या घरांखालीं लाव्हाचा काळा पाषाण आहे. पोलादास लागणारें मँगॅनीज तेथें शोधणें व्यर्थच. नागपूर-भंडाऱ्याची भूमि निराळी. तेथील थरांचें सविस्तर वर्णन फर्मर या भूशास्त्रज्ञानें १९०९ सालीं प्रसिद्ध केलें व गोंडांवरून एका खडकास ‘गोंडाइट’ हें नांवही दिलें. नकाशा करणारा उघड्या खडकाची जात, थराची दिशा व उतार टिपतो. तेवढ्यानें भागत नाहीं. थराला घडी पडली असली, तर एकच थर दोनदां वर येतो, आणि ते दोन समजून हिशेब करणाऱ्याचें भांडवल बुडतें. देवलापारला तर, वेस्टनें १९३६ मध्यें दाखविल्याप्रमाणें, अख्खी घडीच सरकून परक्या खडकांवर आडवी पसरली आहे! अशा ठिकाणीं भोंकें पाडून खालचा खडक वर काढतात आणि नकाशा पुन्हां तपासतात.