थांबलेल्या हृदयाचा खर्च

बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी तासन्‌तास धडधडतं. त्याच्या जवनिकेची भिंत स्पंजासारखी असते. आत आलेल्या रक्तातूनच ती प्राणवायू घेते, वेगळ्या रक्तवाहिन्यांवर तिचं अडत नाही. म्हणूनच ते काचपात्रातल्या द्रवावरही तगतं. पण ठोक्याला किती ऊर्जा लागते हे काढायचं, तर आधी ते नुसतं जिवंत राहायला किती खातं हे कळायला हवं. जिवंत हृदय थांबवायचं कसं?

त्याची युक्ती १८५२ साली रोस्टॉकच्या स्टॅनियस यांनी दिली होती. शरीरातल्या शिरांचं रक्त जिथे गोळा होतं तो भाग आणि कर्णिका यांच्यामध्ये दोऱ्याची गाठ आवळली की हृदय स्तब्ध होतं, पण मरत नाही. विजेचा हलका झटका द्या, एक ठोका मिळतो. या सगळ्या इतिहासात मला ही गाठ सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे विश्रांती आणि काम वेगवेगळं पाहता येऊ लागलं.

१८७१मध्ये लायप्झिगला बोडिच यांनी दाखवलं, की जवनिकेचा स्नायू एक तर त्या क्षणीच्या पूर्ण ताकदीने आकुंचतो, नाहीतर हलतच नाही. बराच वेळ थांबून पुन्हा चालू झाला, की पहिले काही ठोके पायरीपायरीने वाढत जातात. मग लंडनचे रिंगर. त्यांचं साधं मिठाचं पाणी हृदयाला मस्त मानवत होतं. ते नळाच्या पाण्यात केलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं. ऊर्ध्वपातित पाण्यात तेच मीठ घातलं तर हृदय थंडावू लागलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं! १८८३मध्ये त्यांनी हे मोकळेपणाने छापलं.

इंधनाचा शोध मात्र विसाव्या शतकातला. लॅक्टिक आम्ल हेच स्नायूच्या आकुंचनाचं मूळ, असं बराच काळ मानलं जाई. १९२७मध्ये इंग्लंडात एगलटन दांपत्याने आणि हार्वर्डमध्ये फिस्क व आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं ऊर्जा साठवणारं क्रिएटिन फॉस्फेट शोधलं. १९३०मध्ये लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल तयार होऊ न देताही स्नायू आकुंचतो हे सिद्ध केलं आणि जुनी समजूत कोसळली. १९३८मध्ये एडिंबराचे क्लार्क यांनी एगलटन दांपत्यासह चार सहकाऱ्यांबरोबर बेडकाच्या हृदयाच्या चयापचयावर अख्खं पुस्तकच लिहिलं. एवढ्याशा अवयवावर! पुढे १९६२मध्ये केन आणि डेव्हिस यांनी बेडकाच्या पोटाच्या स्नायूत एकेका आकुंचनाला एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू खर्ची पडतो हे थेट मोजून दाखवलं.

थांबलेल्या हृदयाचा खर्च मात्र सहज उलगडेना. १९५७मध्ये स्कोऊ यांना खेकड्याच्या मज्जातंतूंत एटीपी खर्चून पेशीबाहेर सोडियम फेकणारा पंप सापडला, तेव्हा त्यातला एक वाटा कळला. प्रथिनांची डागडुजी हा दुसरा. बेडूक सोडून सस्तन प्राण्यांच्या हृदयांपर्यंत काम पोचलं, तरी असे सगळे वाटे मिळवून विश्रांतीतल्या खर्चाची पुरती बेरीज अजून जुळलेली नाही.