सळईवरचा घास आजी-आजोबांच्याही ताटात

सायंकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकातून घराकडे परतणाऱ्या गर्दीला निखाऱ्यावर भाजलेल्या कबाबाचा वास लागतो आणि अनेक घरांत त्या रात्रीचा बेत तिथेच ठरतो. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील नोकरीमुळे मुले येथे स्थिरावली आणि त्यांच्यामागून आईवडीलही गाव सोडून येथल्या उंच इमारतींत राहावयास आले. बाहेरून कबाब मागवले, की तरुणांची ताटे भरतात. ज्येष्ठांपुढे मात्र मऊ वरणभाताची वाटी येते. त्यामागे काळजीच असते. तरीही ही वेगळी वाटी शरीराला आणि मनाला, दोहोंनाही कमी पडते, हे आपण ध्यानात घ्यावे.

वाढत्या वयात स्नायू झिजतात. उठताना आधार लागतो, पाय लटपटतात, पडण्याचा धोका वाढतो. पासष्टीपुढील व्यक्तींनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सुचवले. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना दिवसाला किमान ५५ ग्रॅम प्रथिने हवीत. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. ७५ ग्रॅम कच्च्या चिकनमधून सुमारे १६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खर्च कोठे वाचतो?

हाडविरहित चिकन महाग पडते. त्याऐवजी कातडी काढलेली अख्खी कोंबडी घ्यावी. मांडीचे व छातीचे मांस सळईसाठी सोडवावे. हाडे व मान यांचे आले-मिरे घातलेले सूप दुसऱ्या दिवशी होते. मांडीचे मांस अधिक रसाळ राहते, म्हणून ज्येष्ठांसाठी तेच ठेवावे. मांसाइतक्याच भाज्या घेतल्या, तर थोड्या चिकनमध्ये चौघांचे भागते. आठवडी बाजारात स्वस्त मिळणारा लाल भोपळा, फ्लॉवर, कांदा आणि ढोबळी मिरची पुरेशी आहेत. तयार मसाल्याची पाकिटे टाळावीत. त्यांत मीठ बरेच असते आणि रक्तदाब असलेल्यांना ते बाधते.

कृती

चौघांसाठी ३०० ग्रॅम चिकनचे लहान तुकडे करावेत. अर्धी वाटी घरच्या दह्याचा चक्का, एक चमचा आले-लसूण वाटण, अर्धे लिंबू, हळद, धने-जिरे पूड, बेताचे तिखट, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि चमचाभर भाजलेले बेसन एकत्र करून तुकड्यांना चोळावे. भांडे झाकून दोन ते चार तास शीतकपाटातच ठेवावे, ओट्यावर नव्हे. दह्यालिंबाच्या आंबटपणाने मांस मऊ होते. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, कारण त्या शिंतोड्यांतून जंतू ओटाभर पसरतात. त्याची सुरी व फळी भाज्यांपासून वेगळी ठेवावी.

भोपळा आणि फ्लॉवर आधी वाफवून घ्यावेत. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून तव्यात मावतील एवढ्या तोडाव्यात. चिकन आणि भाज्या वेगवेगळ्या काड्यांवर ओवाव्यात, कारण दोहोंना शिजण्यास लागणारा वेळ सारखा नसतो. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून थोडे तेल सोडावे आणि काड्या फिरवत बारा ते पंधरा मिनिटे भाजाव्यात. त्यांपैकी चार मिनिटे झाकण ठेवावे. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी छटा उरता कामा नये. तापमापक असल्यास आतील उष्णता ७४ अंश सेल्सिअस भरली पाहिजे.

शाकाहारी घरांत पनीर घ्यावे. त्याहून स्वस्त म्हणजे सोयाबीनच्या वड्या: ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. त्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढाव्यात आणि उकडलेला बटाटा व बेसन घालून काडीभोवती थापाव्यात.

निखारा नको, तवा बरा

निखाऱ्याची चव आपल्याला नवी नाही. वांग्याचे भरीत, हुरडा आणि रायगडातील पोपटी यांनी ती आपल्या जिभेवर रुजवली आहे. पण शेताच्या बांधावरचा जाळ आणि सदनिकेतील काचेने बंद केलेली गॅलरी यांत मोठा फरक आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. शिवाय चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणारा धूर आणि करपलेले मांस यांत आरोग्यास घातक द्रव्ये तयार होतात. तव्यावर हा धूर फारसा होत नाही. तरीही काळा पडलेला भाग काढून टाकावा.

वाढताना

काडी टोकदार असते, म्हणून ज्येष्ठांच्या ताटात घास काडीवरून काढूनच वाढावेत. दात कमकुवत असतील, तर त्याच मसाल्यात खिमा मुरवून मऊ मुटके करावेत आणि वरून पातळ दही घालावे. जेवताना वारंवार ठसका लागणे, घास गालात साठून राहणे, जेवणानंतर आवाज घोगरा होणे ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तुकडे देऊ नयेत. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सर्वांनीच ताठ बसून जेवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

या बेतात ज्येष्ठांना कामही द्यावे. चक्का बांधणे, मसाला चाखून तिखटमिठाचा अंदाज सांगणे, भाज्या ओवणे हे बसल्या जागी होते. ज्या हातांनी आयुष्यभर घर जेवू घातले, त्यांना स्वयंपाकातून पूर्ण निवृत्ती मिळाली, की भूकही मंदावते, हे शुश्रूषा करणाऱ्या अनेकांच्या परिचयाचे आहे. आठवड्यातून एकदा सर्वांसाठी एकच पदार्थ शिजला, कोणाचा घास थोडा मऊ तर कोणाचा थोडा खरपूस झाला, तरी आजी-आजोबा त्याच पंगतीत बसतात. चार घास अधिक जाण्यास तेवढे निमित्त पुरते.