स्कॉटलंडच्या वाटेवर गोल्फचें मैदान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यानें मोटारींतून जाणाऱ्या गोल्फच्या खेळाडूस मैदानांची उणीव कधींच भासत नाहीं. त्याची अडचण असते ती विपुलतेची. एडिंबरोहून निघून उत्तरेस डॉर्नॉक गांवापर्यंत जावयाचें म्हटलें, तर वाटेंत इतकीं मैदानें लागतात कीं, प्रत्येक ठिकाणीं थांबावयाचें ठरविल्यास सबंध उन्हाळाहि अपुरा पडावा. हाताशीं दिवस मात्र मोजके. अठरा होलांचा एक डाव म्हणजे सुमारें चार तास. जाण्यायेण्याचा व तयारीचा वेळ धरला, कीं दिवस गेलाच. तो दिवस कोणत्या मैदानाच्या पदरांत टाकावा, हा प्रश्न बहुतेक प्रवासी नांवाच्या मोठेपणावर सोडवितात आणि पुष्कळदां फसतात. नांवाआधीं दोन गोष्टी पाहावयास हव्यात: जमीन कोणाची आहे, आणि ती खेळाडूपाशीं काय मागते.

समुद्रकिनारा व शेतजमीन यांच्यामधील वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथें नांगर चालत नाहीं. आखूड, चिवट गवत तेवढें उगवतें. पिकाच्या कामीं निरुपयोगी, म्हणूनच ही जमीन गुरांना, सशांना आणि चेंडू टोलविणाऱ्या गांवकऱ्यांना मोकळी राहिली. पाऊस पडला तरी वाळू पाणी पिऊन टाकते आणि चेंडू टणक भूमीवरून दूरवर घरंगळत जातो. 1457 सालीं राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनें, धनुर्विद्येचा सराव बुडतो म्हणून, या खेळास बंदी केली होती. तिचा परिणाम कितपत झाला, हें आजचा किनारा पाहून कोणीहि सांगेल.

सेंट अँड्र्यूज येथें 1552 च्या सनदेनें नगरवासीयांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क आर्चबिशपनें मान्य केला. पुढें 1797 सालीं कर्जबाजारी झालेल्या नगरमंडळानें ती जमीन हातची घालविली, आणि तेथें सशांची पैदास सुरू झाली. बिळांनीं मैदान पोखरलें; गांवकरी ससे मारूं लागले; प्रकरण कोर्टापर्यंत गेलें. 1821 सालीं जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानें ती जागा विकत घेतली, तेव्हां कोठें चेंडूस निर्धास्तपणें फिरतां आलें. आज ती सार्वजनिक मालकीची असून 1974 च्या कायद्यान्वयें नेमलेलें विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहतें.

या भांडणाचें फळ परक्या प्रवाशासहि मिळतें. प्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’वर खेळावयाचें असेल, तर निदान एका सोबत्यासह दोन दिवस आधींच्या सोडतींत नांव घालावें, सोडत हुद्दा विचारीत नाहीं. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूच्या कसबाच्या आंकड्याचा, दाखला मात्र जवळ हवा. एकाच रात्रीचा मुक्काम ठेवून येणारा केवळ दैवावर विसंबतो. तीन रात्री राहणाऱ्यास संधि अधिक. शिवाय नांव निघालें नाहीं, तरी 1895 चा ‘न्यू’ व 1897 चा ‘ज्युबिली’ हे कोर्स शेजारींच आहेत, आणि तेथील वाळू व वारा कांहीं निराळे नाहींत.

एडिंबरोच्या पूर्वेकडील म्यूरफील्डची तऱ्हा वेगळी. तें खाजगी मंडळाचें मैदान. पाहुण्यांस ठराविक दिवशींच प्रवेश मिळतो, आणि त्याची मागणी फार आधीं करावी लागते. स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव तेथें 2017 सालीं संमत झाला. वाटेंत सहज थांबणाऱ्यानें त्याचा मोह न धरणेंच बरें. जवळच्या नॉर्थ बेरिक येथें मैदानांतून जुन्या दगडी भिंती जातात, आणि त्यांवरून चेंडू उडवितांना प्रौढ माणसेंहि मुलांसारखीं हंसतात. प्रवासांतील खेळाला याहून अधिक काय हवें?

कार्नूस्टीचें मैदान सर्वांस खुलें आहे, परंतु तें सर्वांस मानवत नाहीं. 1999 च्या ‘ओपन’ स्पर्धेंत फ्रान्सचा झाँ व्हान द व्हेल्ड तीन टोल्यांची आघाडी घेऊन तेथील शेवटच्या होलावर आला. बॅरी बर्न नांवाच्या ओढ्यानें त्याचा चेंडू गिळला. बूट काढून, विजार दुमडून तो पाण्यांत उतरला. चार टोल्यांच्या होलास सात लागले, आणि जादा होलांच्या खेळांत अजिंक्यपद पॉल लॉरीकडे गेलें. निवडक खेळाडूची ही गत, तर सुटींत खेळणाऱ्यानें चेंडूंची मोठी पिशवी बरोबर ठेवावी.

ज्यास उत्तरेकडे जाण्यास सवड आहे, त्याच्या हातीं जून महिन्यांत एक निराळेंच धन येतें. डॉर्नॉकला त्या दिवसांत सूर्य रात्रीं 10 वाजून गेल्यावर मावळतो. सकाळीं इन्व्हर्नेस सोडावें, वाटेंत हवें तेथें रेंगाळावें, आणि दुपारनंतर खेळास प्रारंभ केला तरी उजेड पुरून उरतो. अमेरिकेंतील पाइनहर्स्टचें दोन नंबरचें मैदान आंखणारा डोनल्ड रॉस याच गांवीं 1872 सालीं जन्मला. आणखी थोडें वर गेल्यास ब्रोरा लागतें. तेथें पुष्कळ वर्षें मेंढ्या व गुरें मैदानांत चरत आलीं, आणि ग्रीनभोंवतीं विजेच्या तारांचें कुंपण घालावें लागलें.

परततांना सेंट अँड्र्यूजमध्यें रविवार गांठावा. मोठ्या स्पर्धांचा काळ सोडला, तर त्या दिवशीं ‘ओल्ड कोर्स’वर खेळ बंद असतो, गांवांतील लोक कुत्रीं घेऊन तेथें फिरावयास येतात, आणि सोडतींत नांव न निघालेला प्रवासीहि स्विल्कन ओढ्यावरील दगडी पुलावर फीवांचून उभा राहूं शकतो.