पीएच.डी.ची मौखिक परीक्षा : डेल्फ्टची रीत आणि आपली तयारी

घरातील मुलगा, मुलगी किंवा सून डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात पीएच.डी. करीत असेल, तर 'व्हायव्हा कधी?' हा प्रश्न भारतातून दर फोनवर येतो. सगळ्यांची धास्ती शेवटच्या दिवसाची असते. डेल्फ्टमध्ये मात्र खरी कसोटी पहिल्या वर्षीच लागते. तयारीचा भर कुठे द्यावा, हे त्यावरून ठरवावे.

पहिली परीक्षा

येथे पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. नोकरी एकूण चार वर्षांची, पण सहसा दोन करारांत विभागलेली असते. पहिला करार दीड वर्षाचा असून पंधरा महिन्यांच्या आत 'गो / नो-गो' बैठक होते. तेथे नकार मिळाला तर पुढचा अडीच वर्षांचा करार होत नाही. नोकरीवर अवलंबून असलेल्या राहण्याच्या परवान्याचा प्रश्नही त्याबरोबर उभा राहतो.

या बैठकीत तीन गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत : आपला प्रश्न कोणता, तो इतरांनी अजून का सोडवला नाही, आणि ठरलेली पद्धत फसली तर पुढे काय. हे दहा मिनिटांत मोठ्याने बोलण्याचा सराव करावा आणि सहकाऱ्याला मध्येच अडवायला सांगावे. 'सर म्हणतील तसे' ही आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. मार्गदर्शकाशी कारणे देऊन मतभेद दाखवणे येथे उद्धटपणाचे मानत नाहीत. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि ते कसे शोधू, हेही सांगावे. निकालाचा अंदाज आधीच यावा, म्हणून दरमहा मार्गदर्शकाचा अभिप्राय लेखी घ्यावा.

शेवटचा तास

प्रबंध समितीने मान्य केल्यावरच जाहीर समारंभ होतो. त्यामुळे त्या दिवशी पदवी नाकारली जाणे अगदी विरळा. आधी सर्वसामान्यांसाठी छोटे भाषण, मग तासभर प्रश्नोत्तरे. उमेदवाराच्या बाजूला दोन 'पॅरानिम्फ' म्हणजे पाठराखे असतात. मित्र किंवा भावंडे चालतात. वेळ संपताच दंडधारी पेडेल येऊन 'होरा एस्त' म्हणतो आणि वाक्य अर्धे असले तरी थांबायचे असते.

प्रबंधाबरोबर 'स्टेलिंगेन' म्हणजे छोटी विधाने द्यावी लागतात. त्यांतील काही विषयाबाहेरची असतात आणि त्यांवरही प्रश्न येतात. चमकदार म्हणून लिहिलेले, पण बाजू मांडता न येणारे विधान तेथे अंगाशी येते.

प्रकृती

शेवटच्या आठवड्यातील जागरणाने आठवण वाढत नाही, घटते. मन शांत करण्यासाठी मित्राकडच्या गोळ्या घेऊ नयेत. छातीत धडधड, झोप उडणे असे आठवडाभर चालले तर हाउसआर्ट्सकडे जावे. त्याच्या तपासणीला 'आयगन रिसिको' लागू होत नाही. विद्यापीठाच्या नोकरांना बेद्रैफ्सआर्ट्सचीही भेट घेता येते.

पैशाचे गणित

प्रबंध समितीकडे गेल्यापासून समारंभापर्यंत काही महिने जातात आणि करार त्याआधीच संपू शकतो. म्हणून शेवटच्या वर्षात तीन-चार महिन्यांचे घरभाडे व आरोग्यविम्याचे हप्ते बाजूला ठेवावेत. मागील ३६ आठवड्यांपैकी निदान २६ आठवडे पगारी काम झाले असेल, तर 'वेवे' या बेकारभत्त्यासाठी अर्ज करता येतो. तो नोकरी संपण्याच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरच्या आठवड्यापर्यंत यूवेवेकडे करावा. बाहेरच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांना हा भत्ता नाही. त्यांनी शिल्लक अधिक ठेवावी.

पदवीनंतर तीन वर्षांच्या आत 'झूकयार' हा एक वर्षाचा परवाना मागता येतो आणि त्यावर कोणतीही नोकरी करता येते. छपाई व चहापानाच्या खर्चात विभाग किती वाटा उचलतो, हे आधीच विचारावे.

आई-वडिलांना बोलवायचे असल्यास शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मात्र समारंभाची तारीख पक्की झाल्यावरच तिकिटे काढावीत. आणि पहिल्या वर्षीची बैठक पार पडली, की त्यांना तेव्हाच फोन करून पेढे वाटायला सांगावे. अर्धी लढाई तेथेच जिंकलेली असते.